एक्सल घरी बदलणाऱ्याची बाजू

आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे गाडीचा पुढचा एक्सल घरी बदलल्याने पैसे वाचत नाहीत. पहिल्या खेपेला तर नाहीच नाही. वेळही वाचत नाही, कपडे खराब होतात, घरचे हसतात, आणि सोमवारी कीबोर्डवर हात ठेवला की नखांच्या कडेला काळी रेघ दिसते, ती चार दिवस जात नाही. एवढं सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं आहे की ज्याच्याकडे वॉरंटी कधीच संपलेली गाडी आहे, दोन धडधाकट हात आहेत आणि एक मोकळा शनिवार आहे, त्याने हे काम आयुष्यात एकदा तरी स्वतः करावं.

का, ते सांगतो. पण आधी एक्सल हे प्रकरण काय आहे ते बघू. कारण आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकला (यात मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणारे भरपूर आहेत, मी त्यातलाच) इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत जाते कशी हे धड सांगता येत नाही.

अॅम्बॅसडर आणि पद्मिनीच्या जमान्यात गाडी मागच्या चाकांवर चालायची. इंजिन पुढे, मधून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांबलचक दांडा, आणि मागे डिफरन्शियल. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गाडीचा कारभार पुढच्या चाकांकडे गेला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास सगळ्या हॅचबॅक गाड्या अशाच आहेत. फायदा उघड आहे: लांब दांडा गेला, मधला उंचवटा गेला, आत पाय ठेवायला जागा झाली. पण एक अवघड प्रश्न निर्माण झाला. पुढचं चाक गोल फिरतं, खड्ड्यात वर-खाली होतं आणि शिवाय डावी-उजवीकडे वळतंही. हे तिन्ही उद्योग एकाच वेळी चालू असताना त्याला ताकद पोचवायची कशी?

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात हूक्स जॉइंट यायचा, आठवतंय का? सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाचा तो क्रॉससारखा सांधा. पाच-सात मार्कांची डेरिव्हेशन, पाठ करून जायचो. त्या डेरिव्हेशनचा अर्थ असा होता की दोन दांड्यांमध्ये कोन असेल तर पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३० अंश असेल तर दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत खालीवर होतो. पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बाहेरच्या सांध्यातला कोन त्याहून मोठा असतो. तिथे हूकचा सांधा लावला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थडथडेल.

यावरचा तोडगा १९२० च्या दशकात निघाला. फोर्डमधल्या आल्फ्रेड शेप्पा नावाच्या इंजिनिअरने एका वाटीत सहा गोळ्या अशा बसवल्या की दांड्यांमध्ये कोन कितीही झाला तरी गोळ्या नेमक्या त्या कोनाच्या मध्यावरच्या प्रतलात राहतात. म्हणून दोन्ही दांडे कायम एकाच वेगाने फिरतात. हाच आपला सीव्ही जॉइंट, कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने तो छोट्या, परवडणाऱ्या गाडीत आणला आणि मग जगभर पसरला. चाकाकडच्या टोकाला हा सहा गोळ्यांचा सांधा, गिअरबॉक्सकडच्या टोकाला सहसा तीन रोलरचा दुसरा सांधा, जो आतबाहेर सरकूही शकतो, आणि मध्ये एक पोलादी दांडा. या सगळ्या वरातीला आपण नुसतं एक्सल म्हणतो. (इलेक्ट्रिक गाडी आली की हे सगळं जाणार, असं कोणी सांगत असेल तर सांगू द्या. मोटर इलेक्ट्रिक असली तरी तिच्यापासून चाकापर्यंत जायला हाच एक्सल लागतो.)

आता गंमत अशी, की एवढं देखणं यंत्र मरतं कशाने? तर दोन-चारशे रुपयांच्या रबराने. सांध्यात ग्रीस असतं आणि ग्रीस आत राहावं म्हणून त्याच्यावर घड्या-घड्यांची रबरी पिशवी असते, तिला बूट म्हणतात. ऊन, वय, एखादा उडालेला दगड, काहीही होतं आणि बूट फाटतो. चाक फिरताना ग्रीस गोल उडतं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळा चिकट पट्टा तयार होतो. मग फटीतून धूळ आणि पाणी आत जातं, आणि गोळ्या ज्या खाचांमध्ये फिरतात त्या खाचा झिजायला लागतात. इथपर्यंत ड्रायव्हरला काहीही कळत नाही. कळतं ते नंतर, स्टिअरिंग पूर्ण वळवून अॅक्सिलरेटर दिला की. टक्-टक्-टक्-टक्. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की सिग्नलला शेजारून वळणाऱ्या गाडीचाही ऐकू येतो, आणि मग काही सुचत नाही.

माझी गाडी सेकंडहॅंड, अकरा वर्षांची, डावीकडचा बूट आधीच्या मालकाच्या वेळेपासून फाटलेला. आवाज सुरू झाल्यावर एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या मुलाने टॅबवर बोट फिरवलं आणि एक आकडा सांगितला, अकरा हजार चारशे, एका बाजूचे. नुसता बाहेरचा सांधा बदलता येईल का, असं विचारलं तर म्हणाला, "सर, असेंब्लीच चेंज होते." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. एक्सलच्या जागी वॉशिंग मशीन ठेवा, फोन ठेवा, वाक्य तेच.

माझा खरा आक्षेप या वाक्याला आहे. अकरा हजारांना नाही, त्यांचं भाडं, त्यांचे पगार, ते त्यांनी बघावं. पण बाहेरचा सांधा सुटा मिळतो, बूट सुटा मिळतो, ग्रीसची पुडी, क्लॅम्प, सगळं सुटं मिळतं. पुण्यात नाना पेठेत एक चक्कर मारा, काउंटरवरचा माणूस गाडीचं मॉडेल आणि वर्ष ऐकून मागे न बघता हात घालून बूट किट काढून देतो. म्हणजे "असेंब्लीच चेंज होते" हे गाडीबद्दलचं विधान नसून त्या वर्कशॉपबद्दलचं विधान आहे. पण ते ओळखायचं तर आत काय आहे हे माहीत हवं. आणि आत काय आहे हे कळायचा, माझ्या मते, एकच पक्का मार्ग आहे: उघडून बघणे.

तर आता काम. सगळं सांगत बसत नाही, त्यासाठी तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आहे आणि ढीगभर व्हिडिओ आहेत. (व्हिडिओत अमेरिकेतला एखादा बाबा इम्पॅक्ट गन लावतो आणि तीन सेकंदांत नट बाहेर. आपल्याकडे गन नसते हे लक्षात ठेवून बघावं.) पण काही जागा अशा आहेत की तिथे थांबलंच पाहिजे.

पहिली जागा म्हणजे एक्सलचा मोठा नट, चाकाच्या बरोबर मध्यभागी असतो तो. माझ्या गाडीला ३२ चं सॉकेट लागलं. हा नट छोट्या गाड्यांमध्येही दीडशे-दोनशे न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. दोनशे न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला वीस किलो लटकवल्याइतका जोर. आणि अकरा वर्षं बसून राहिलेला नट सोडवताना त्याहून बराच जास्त. शिवाय त्याची कड एक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छोट्या छिन्नीने उचकटावी लागते, नाहीतर नटाबरोबर आटे जातात. हा नट गाडी जमिनीवर असताना, चाक लावलेलं असताना सैल करायचा. हॅंडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, आणि आत बसून कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला. दांड्याला अर्धा मीटर पाइप जोडला आणि मी वर उभा राहिलो. माझं वजन ६८ किलो, म्हणजे झाले साधारण ३३० न्यूटन-मीटर. दोन मिनिटं काहीच नाही. मग बंदुकीच्या बारासारखा आवाज आला आणि पाइप चार इंच खाली गेला. खरं सांगतो, गेल्या सहा वर्षांत माझा एकही कोड प्रॉडक्शनला जाताना एवढा आनंद झालेला नाही :-)

नट सैल केल्यानंतर गाडी पुढेमागे ढकलायची नाही. बऱ्याच गाड्यांत चाकाचं बेअरिंग या नटाच्या दाबानेच जागेवर धरलेलं असतं. तो दाब नसताना त्याच्यावर गाडीचं वजन घेऊन फिरवलं तर बेअरिंगचं आयुष्य तिथेच संपू शकतं.

दुसरी जागा जॅक. इथे मी जरा मोठ्या आवाजात बोलणार आहे. गाडीबरोबर डिकीत मिळतो तो जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. विटा रचून तर अजिबात नाही, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर त्याहून नाही. ते तडा न दाखवता एकदम फुटतात. जॅक स्टँडची जोडी विकत घ्यायची, पक्क्या सपाट जमिनीवर ठेवायची, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावायचा, गाडी स्टँडवर टेकवल्यावर आधी बाहेर उभं राहून ती हलवून बघायची, आणि काढलेलं चाक आडवं करून उंबऱ्याखाली सरकवून ठेवायचं. स्टँड घ्यायचे नसतील तर कृपा करून हे काम करू नका. गॅरेजमध्ये जा, मी काहीही म्हणणार नाही.

चाक काढलं की खालचा बॉल जॉइंट सोडायचा. बोल्ट निघतो, जॉइंट निघत नाही, मग हातोडी, मग थोडं शांत बसणं, मग पुन्हा हातोडी. तो सुटला की चाकाचा सगळा जुडगा बाहेर ओढता येतो आणि एक्सलचं शेपूट हबमधून मागे सरकतं. सरकत नसेल तर नट दोन आटे परत लावून वर लाकडाचा ठोकळा धरून ठोकायचं. हे करताना ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, इकडे एक डोळा ठेवायचा.

तिसरी जागा, गिअरबॉक्सकडचं टोक. हे कुठल्याही नटबोल्टने धरलेलं नसतं. आतल्या टोकाला खाचेत एक बारीक तारेची रिंग असते, सर्कलिप, आणि तीच एवढ्या मोठ्या दांड्याला अडकवून ठेवते. इथे लोक मधला दांडा धरून जोरात ओढतात. ओढायचं नाही. कारण तो आतला सांधा सरकता असतो; दांडा बाहेर येतो, रोलर सुटतात आणि वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. सांध्याची वाटी आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत टॉमी घालून एक झटका द्यायचा, नेमका, कडेला असलेल्या ऑइल सीलला धक्का न लावता. त्याआधी गिअर ऑइल काढून घेतलेलं असलं तर बरं, नाहीतर ते तुमच्या कोपरापर्यंत येतं. (काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, त्याच्याकडे पिंप असतं.)

पुढचं सगळं उलट क्रमाने, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला हे म्हणायला काय जातंय! तरी बसवणं सोडवण्यापेक्षा सोपं असतं हे खरं. नवा एक्सल जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे दाते आणि एबीएसची दातेरी रिंग असेल तर तीही जुळवून बघायची. गिअरबॉक्स एका बाजूला असल्यामुळे डाव्या आणि उजव्या एक्सलची लांबी बहुतेक वेगळी असते. सर्कलिप नवीन, नट नवीन. आतलं टोक दात्यांवर बसवून ढकललं की एक छोटा टक् असा हाताला जाणवतो. तो जाणवला नाही तर पुन्हा. मग वाटीला धरून हलकंसं ओढून बघायचं, बाहेर येता कामा नये. शेवटी चाक लावून, गाडी खाली घेऊन, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला नट आवळायचा आणि त्याची कड खाचेत ठोकायची. अंदाजाने नाही. हा आकडा अंदाजाने ठरवायचा असता तर त्या लोकांनी छापला नसता. आणि गिअर ऑइल भरायला विसरायचं नाही.

मला आणि माझ्या मित्राला मिळून सहा तास लागले. आमचे नेहमीचे गॅरेजवाले चाचा हेच काम चाळीस मिनिटांत करतात. दुसऱ्या दिवशी गाडी त्यांच्याकडे नेली, म्हटलं, चाचा, एकदा खालून बघून घ्या. कारण बॉल जॉइंटचा बोल्ट नीट नसेल तर घाटात फक्त माझाच जीव धोक्यात नसतो, समोरून येणाऱ्याचाही असतो. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घेणं मी सक्तीचं मानतो, कोड रिव्ह्यूसारखं. त्यांनी खड्ड्यात उतरून बघितलं, दोन ठिकाणी पाना लावून बघितला आणि म्हणाले, "इंजिनिअर साहेब, काम साफ आहे. पण माझ्या पोटावर पाय देऊ नका!" हसत म्हणाले, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

हसण्यावारी गेलं तरी प्रश्न खरा आहे. आपण घरी काम केलं तर चाचांचं नुकसान नाही का?

हिशोब मांडतो. चाचांनी मला सांगितलेला आकडा होता पाच हजार शंभर, बाहेरच्या कंपनीचा एक्सल आणि मजुरी धरून. मजुरी त्यात बाराशे. मी घरी केलं तर एक्सल तीन हजार नऊशे, नट आणि ऑइल मिळून आठशे. म्हणजे मजुरीतले चारशे वाचले. आणि जॅक स्टँड, टॉर्क रेंच, सॉकेट, टॉमी यांचे गेले सहा हजार सातशे. त्यामुळे चाचांच्या पोटावर पाय देणारा मी असूच शकत नाही; अजून पंधरा-सोळा एक्सल बदलेन तेव्हा कुठे माझे पैसे वसूल होतील. न्यू जर्सीतला माझा मित्र हेच काम घरी करतो तेव्हा त्याचे पैसे खरंच वाचतात, कारण तिथे गॅरेजवाला तासाला शंभर डॉलरच्या वर घेतो आणि ऑटोझोनसारखी दुकानं अनामत रक्कम घेऊन अवजारं उसनी देतात, वापरून परत केली की अनामत परत. तिथलं गणित इथे लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे. किती स्वस्त, ते सहा तास गाडीखाली काढल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं. तेव्हापासून बाराशेचे हजार करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चाचांच्या पोटावर पाय येतोय तो दुसरीकडून. नव्या गाड्यांची निदान यंत्रणा कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, अस्सल सुटे भाग बाहेर सहज मिळत नाहीत, आणि "बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल" ही धमकी तयार असते. हे माझं रडगाणं नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. तीन कंपन्यांपासून सुरू झालेली चौकशी पुढे बऱ्याच कंपन्यांपर्यंत पोचली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने चौदा कारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं त्या आदेशात होतं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते जाणारच. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केलं, त्यात वाहनं हा एक विभाग आहे. किती गाडीवाल्यांना हे माहीत आहे? आमच्या टीममध्ये अकरा जण आहेत, दहा गाड्या आहेत, आणि हे ऐकलेलं कोणी नव्हतं.

घरी पाना धरणारा माणूस या भांडणात चाचांच्या बाजूचा असतो, असं मला वाटतं. कारण सुटा भाग मिळत नाही म्हणजे काय होतं हे त्याला स्वतःच्या शनिवारात कळलेलं असतं. जो फक्त अॅपवर पिकअप-ड्रॉप बुक करतो त्याला तो प्रश्नच दिसत नाही, त्याला बिल दिसतं.

आता वेळेचा मुद्दा. आमच्यातले हुशार लोक लगेच वार्षिक पॅकेजला दोन हजार तासांनी भागतात आणि सांगतात, तुझा तास एवढ्या रुपयांचा, सहा तास घालवलेस, म्हणजे एवढे बुडाले. अरे बाबा, शनिवारी मला त्या दराने कोण देतंय? एरवी तो शनिवार मॉलच्या पार्किंगमध्ये जागा शोधण्यात जातो. आणि असंच भागायचं तर आईशी फोनवर बोलण्याचाही दर निघेल.

राहता राहिला सगळ्यात अडचणीचा मुद्दा, जागा. हे काम मी नाशिकला, आई-बाबांच्या घराच्या कंपाउंडमध्ये केलं. पुण्यात आमच्या सोसायटीत करता आलं नसतं. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे असा बोर्ड आहे, आणि साध्या बॅटरीचे टर्मिनल साफ करायला बॉनेट उघडलं तरी वॉचमन काका येऊन उभे राहतात. त्यांचा दोष नाही, त्यांना सांगितलेलं आहे. पण जरा बघा, आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे, जिम आहे, जिथे आजवर एकही नाटक झालेलं नाही असं अॅम्फिथिएटर आहे, योगा डेक आहे. साडेतीनशे फ्लॅट. आणि एक लाकडी टेबल नाही ज्यावर शिकंजा लावून काही कापता, घासता, ठोकता येईल. सायकलचं चाक सरळ करायचं तर मुलं लिफ्टसमोर बसतात आणि कोणीतरी ओरडतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्याला कानस मारून आपण सगळ्यांनी जॉब केला होता. पुढे नोकरीला लागलो, फ्लॅट घेतले, आणि त्या फ्लॅटच्या आराखड्यात हाताने काही करणाऱ्या माणसासाठी एक कोपराही ठेवलेला नाही. नळ दुरुस्त करायचा तर माणूस बोलवा, खुर्चीचा पाय निखळला तर खुर्ची खाली ठेवा, भंगारवाला नेईल.

तेल सांडतं, आवाज होतो, आग लागेल, ही भीती मी नाकारत नाही. बेसमेंटमध्ये तर हे काम करूच नये, वारा नसतो आणि उतार असतो. म्हणून मी सोसायटीला लेखी सुचवलं आहे ते एवढंच: जनरेटरच्या मागे पाहुण्यांसाठीच्या दोन उघड्या पार्किंग जागा आहेत, तिथे कायम कचऱ्याची ट्रॉली उभी असते. त्यातली एक द्या. जमीन सपाट आणि सिमेंटची आहे. एक टेबल, एक शिकंजा, आग विझवायचं एक सिलिंडर, वाळूची बादली, जुन्या ऑइलसाठी झाकणाचं पिंप. वेळ शनिवार-रविवार सकाळी दहा ते पाच, वहीत नाव लिहून, जॅक स्टँडशिवाय गाडी उचलायची नाही हा नियम भिंतीवर. स्टँड आणि टॉर्क रेंच मी देतो, नाहीतरी माझे पंधरा एक्सल व्हायचे आहेत. चाचांना विचारलं, महिन्यातून एका रविवारी येऊन मुलांना बूट कसा तपासायचा, ऑइल कसं बघायचं हे दाखवाल का; म्हणाले, "येतो की, पण मजुरी लागेल." लागेलच. ती सोसायटीने द्यावी, झुंबा शिकवणाऱ्याला देतात तशी.

चेअरमन काकांनी पत्र घेतलं आणि "बघू" म्हणाले. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. माझा विषय सातव्या क्रमांकावर, पूलच्या टाइल्सच्या नंतर. आमच्या सोसायटीतलं कोणी हे वाचत असेल तर सहाव्या विषयानंतर उठून जाऊ नका. आणि तोवर खाली गेलात की पुढच्या चाकामागे मोबाइलचा टॉर्च मारून बघा. बूट कोरडा असेल तर ठीक. रिमच्या आत काळा चिकट पट्टा दिसला तर नाना पेठेत रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी जा.